एका शास्त्रज्ञाचे दोन पेपर

टिम मोसमन या इम्युनॉलॉजिस्टच्या (प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकाच्या) नावावर असे दोन शोधनिबंध आहेत की त्यांतील कोणताही एक एखाद्याच्या उभ्या कारकिर्दीला पुरला असता. पहिला १९८३ सालचा. 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजिकल मेथड्स'मध्ये आलेला आणि त्यांनी एकट्याने लिहिलेला. दुसरा १९८६ सालचा. रॉबर्ट कॉफमन आणि आणखी तीन सहकाऱ्यांसोबत 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध झालेला. दुसऱ्या पेपरने टी-पेशींविषयीचा (या प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पेशी) विचार पुढची वीस वर्षे कोणत्या चौकटीत व्हायचा ते ठरवले. पहिल्याने पेशी जिवंत आहेत की मेल्या, हे रंगावरून मोजण्याची एक सोपी रीत सांगितली. सायटेशनच्या, म्हणजे इतर पेपरांनी केलेल्या उल्लेखांच्या, हिशेबात मात्र पहिला पेपर दुसऱ्याच्या कितीतरी पट पुढे आहे, आणि मोसमन यांच्या एकूण सायटेशन किती असे कोणी विचारले, तर येणाऱ्या आकड्यातील मोठा हिस्सा त्या रंगाच्या पेपरचाच असतो.

संशोधकांच्या प्रकाशनांचे अहवाल तयार करणे हा ग्रंथालयातील माझ्या कामाचा एक भाग आहे. बढती, अनुदान, पुरस्कार, निवड समिती असे काही निघाले की कुणाच्या तरी नावाची फाइल येते आणि त्या नावापुढे एकूण पेपर, एकूण सायटेशन, एच-इंडेक्स आणि सर्वाधिक उल्लेखलेले दहा पेपर असे रकाने भरून द्यायचे असतात. इम्युनॉलॉजीतील माणसाची फाइल आली की मी जरा सावरून बसते. याचे कारण असे की या विषयात विचार आणि अवजार एकाच प्रयोगशाळेत, पुष्कळदा एकाच माणसाच्या हातून घडतात, आणि सायटेशनच्या वहीत दोन्ही एकाच शाईने नोंदवले जातात.

ती रंगाची रीत आधी पाहू. शहाण्णव खळ्यांची एक प्लास्टिकची पट्टिका घ्यायची, प्रत्येक खळ्यात पेशी आणि ज्याचा परिणाम पाहायचा ते द्रव्य टाकायचे, आणि शेवटी एमटीटी नावाच्या क्षाराचे पिवळे द्रावण थोडे थोडे सोडायचे. पट्टिका चार तास उबेत ठेवली की जिवंत पेशींमधील विकरे त्या क्षाराची मोडतोड करतात आणि खळ्याच्या तळाशी जांभळे स्फटिक धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते सुयांच्या झुबक्यांसारखे दिसतात. मेलेल्या पेशींना हे जमत नाही, त्यामुळे ते खळे पिवळेच राहते. मोसमन यांनी ते स्फटिक आम्ल मिसळलेल्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवले आणि रंगाची गडदता एलायझाच्या, म्हणजे खळ्यांतील रंग मोजणाऱ्या, यंत्रावर वाचली. तोपर्यंत पेशींची वाढ मोजायची म्हणजे किरणोत्सारी थायमिडीन वापरायचे, पेशी गाळणीवर गोळा करायच्या, धुवायच्या, गणकयंत्रात घालायच्या आणि शेवटी किरणोत्सारी कचऱ्याची विल्हेवाट लावायची, असा सारा उपद्व्याप होता. मोसमन यांना लिम्फोकाइन मोजायचे होते, म्हणजे प्रतिकारपेशी एकमेकींना धाडतात ते रासायनिक निरोप, आणि त्यासाठी रोज शेकडो नमुने हाताळता येतील अशी रीत हवी होती. हा पेपर मुळात त्यांच्या स्वतःच्या गरजेपोटी लिहिलेला आहे.

या रीतीने मोजलेल्या लिम्फोकाइनांचा अर्थ लावण्याचे मोठे काम तीन वर्षांनी आले. उंदरांच्या मदतनीस टी-पेशींचे वेगवेगळे वाण प्रयोगशाळेत वाढवून कोणता वाण कोणती रसायने सोडतो हे मोसमन आणि कॉफमन यांच्या गटाने तपासले, तेव्हा त्यांचे सरळ दोन गट पडले. एक गट गॅमा इंटरफेरॉन आणि इंटरल्युकिन-२ सोडणारा, त्याला टीएच-१ म्हटले गेले; दुसरा आज आपण ज्याला इंटरल्युकिन-४ म्हणतो ते सोडणारा, तो टीएच-२. पहिला पेशीच्या आत दडून बसणाऱ्या जंतूंशी लढायला उपयोगी, दुसरा कृमींविरुद्ध आणि ॲलर्जीतही पुढे असणारा. एकाच परजीवीचा संसर्ग होऊनही उंदरांची एक जात तगते आणि दुसरी का मरते, हे कोडे लिशमॅनिया या परजीवीच्या अभ्यासात या विभागणीने सुटले: तगणाऱ्या उंदरांत टीएच-१चा प्रतिसाद होता, मरणाऱ्यांत टीएच-२चा. दम्यापासून कुष्ठरोगापर्यंत एकेक आजार या चष्म्यातून पुन्हा पाहिला गेला.

आता या दोन पेपरांचा उल्लेख कोण करते ते पाहा. १९८६चा पेपर उल्लेखणारा माणूस बहुधा इम्युनॉलॉजीतलाच असतो आणि त्याला त्या पेपरशी काहीतरी बोलायचे असते: तो पुढे न्यायचा असतो, माणसात तपासायचा असतो किंवा खोडायचा असतो. १९८३चा पेपर उल्लेखणारा कर्करोगावरील औषधे शोधणारा असेल, एखाद्या वनस्पतीचा अर्क पेशींवर ओतून पाहणारा असेल, दातांत भरायचे नवे मिश्रण विषारी आहे का हे तपासणारा असेल. त्याला लिम्फोकाइनशी कर्तव्य नसते. साहित्य आणि पद्धती या विभागात एक ओळ येते, कंसात मोसमन, १९८३, आणि विषय तिथेच संपतो. मूळ पेपर उघडून न पाहताही ही ओळ लिहिता येते, आणि मला वाटते की बऱ्याचदा ती तशीच लिहिली जाते. आधीच्या पेपरातून उचलायची, पुढच्यात ठेवायची. तरी ही सायटेशन खोटी नाही. त्या माणसाने ती रीत खरोखर वापरलेली असते आणि वापरल्याचे ऋण तो मान्य करतो आहे. फक्त ते ऋण वेगळ्या जातीचे आहे.

'नेचर'ने २०१४ साली आजवरच्या सर्वाधिक उल्लेखलेल्या शंभर पेपरांची यादी प्रसिद्ध केली होती. तिच्यात पहिल्या स्थानावर ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१ सालचा, द्रावणातील प्रथिन मोजण्याची रीत सांगणारा पेपर होता, तीन लाखांहून अधिक सायटेशनसह. यादीत शिरण्यासाठीच बारा हजारांहून अधिक उल्लेख लागत होते आणि बहुतेक जागा पद्धती, आज्ञावली आणि संख्याशास्त्रीय युक्त्या यांनी अडवलेल्या होत्या. डीएनएची रचना सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा पेपर त्या शंभरांत नव्हता. लॉरी यांनी स्वतःच पूर्वी कबूल केले होते की हा काही आपला थोर पेपर नव्हे, पण त्याला मिळणारा प्रतिसाद पाहून मनातल्या मनात गंमत वाटते. इतका प्रांजळपणा मी अहवालासोबत येणाऱ्या आत्मनिवेदनांत क्वचितच वाचला आहे.

असा एखादा डोंगराएवढा पेपर एकूण सायटेशनचा आकडा फुगवतो, हे जाणून भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली एच-इंडेक्स सुचवला. ज्याच्या किमान तीस पेपरांना प्रत्येकी किमान तीस सायटेशन आहेत त्याचा निर्देशांक तीस. मोसमन यांच्या रंगाच्या पेपरला हजारो उल्लेख असोत की नेमके शंभर, या निर्देशांकात तो एकच पेपर धरला जातो. एका आजारावर हा उतारा झाला, पण दुसरा आजार जडला: टीएच-१ आणि टीएच-२ सांगणारा पेपरही एकच धरला जातो, आणि त्याच्या शेजारी एखादा बेताचा, पण निर्देशांकापुरत्या सायटेशन जमवलेला पेपर त्याच्याइतकाच मोलाचा ठरतो. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, कधी खाली येत नाही. माणसाने काम थांबवले तरी जुन्या पेपरांच्या सायटेशन त्याला वर ढकलत राहतात. समित्यांना तो आवडतो, कारण तो एकच असतो.

राल्फ स्टाइनमन यांची यादी वेगळेच शिकवते. रॉकफेलर विद्यापीठात झॅनव्हिल कोन यांच्यासोबत त्यांनी १९७३ साली 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन'मध्ये उंदराच्या प्लीहेतील एका नव्या पेशीचे वर्णन केले. काचेला चिकटलेल्या पेशींमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली, झाडाच्या फांद्यांसारखे फाटे काढणाऱ्या आणि सतत आकार बदलणाऱ्या त्या मोजक्या पेशींना त्यांनी डेंड्रिटिक पेशी म्हटले. त्या इतक्या थोड्या होत्या आणि शुद्ध करायला इतक्या अवघड, की ही मॅक्रोफेजचीच (जंतू गिळणाऱ्या पेशींची) एखादी तऱ्हा असावी असा अनेकांचा समज होता. टी-पेशींना पहिल्यांदा जागे करण्यात या पेशी सर्वांत पटाईत आहेत हे स्टाइनमन वर्षानुवर्षे दाखवत राहिले, आणि त्यांचा उल्लेख करणाऱ्यांत त्यांच्याच वर्तुळातील माणसे बराच काळ ठळक होती. चित्र पालटले ते १९९० नंतर. कायो इनाबा आणि स्टाइनमन यांच्या गटाने १९९२ साली उंदराच्या अस्थिमज्जेतून या पेशी मोठ्या संख्येने वाढवण्याची रीत दिली, आणि १९९४ साली सालुस्तो व लान्झाव्हेक्किया यांनी माणसाच्या रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून त्या कशा तयार करायच्या ते दाखवले. पेशी हाती येताच सगळ्यांनाच त्यांच्यावर काम करायचे होते. विचार वीस वर्षे उभा होता. सायटेशनचा पूर आला तो अवजार सापडल्यावर.

आणि तो पूर वाहून गेला कुठे? बराचसा १९९८ साली जाक बांशेरो आणि स्टाइनमन यांनी 'नेचर'मध्ये लिहिलेल्या आढाव्याकडे. डेंड्रिटिक पेशींवर काहीही लिहिताना पहिल्या परिच्छेदात त्याचा संदर्भ देणे हा रिवाजच पडला, त्यामुळे मूळ शोधाच्या पेपरपेक्षा त्या शोधाचा गोषवारा सांगणाऱ्या लेखाच्या सायटेशन कितीतरी अधिक आहेत. आढावा लेखांबद्दल माझे मत फारसे सौम्य नाही. चांगला आढावा लिहायला मोठी तयारी लागते हे खरेच, पण तो शेकडो मूळ पेपरांचे श्रेय स्वतःच्या खात्यावर वळवतो, आणि ज्या विद्यार्थ्याने रात्री जागून त्यातील एखादी आकृती प्रत्यक्षात आणली त्याच्या खात्यावर काहीच पडत नाही. स्टाइनमन यांच्या बाबतीत निदान दोन्ही पेपर त्यांचेच होते. त्यांना २०११चे नोबेल मिळाले. ३० सप्टेंबरला त्यांचे निधन झाले आणि ३ ऑक्टोबरला घोषणा झाली, तोवर निवड समितीला हे ठाऊक नव्हते.

त्याच वर्षीच्या नोबेलमध्ये ब्रूस ब्यूटलर आणि जूल्स हॉफमन यांची नावे होती, आणि नैसर्गिक प्रतिकारशक्तीच्या त्या कथेतील चार्ल्स जेनवे आणि रुस्लान मेदझितोव्ह यांच्या कामाची दखल न घेतल्याबद्दल काही इम्युनॉलॉजिस्टांनी 'नेचर'ला पत्र लिहून नापसंती नोंदवली. त्याच कथेतील शिझुओ अकिरा हेही पुरस्काराबाहेर राहिले. अकिरा यांचे नाव सायटेशनच्या याद्यांत अनेक वर्षे जगातील अगदी वरच्या काही नावांत होते, म्हणून आकडे पुरस्कारात उतरतीलच असे नाही याचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला तिच्यातील दुसरा धागा अधिक महत्त्वाचा वाटतो. ओसाकातील त्यांच्या प्रयोगशाळेने टोल-सदृश ग्राहकांचे एकेक जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. कोणता ग्राहक कोणत्या जंतूची कोणती खूण ओळखतो हे ठरवण्यासाठी ते उंदीर लागत, आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी ते मागवून घेतले. ज्याने उंदीर पाठवले त्याचे नाव लेखकांच्या यादीत येणे हा या क्षेत्रातील रूढ शिष्टाचार आहे. उंदीर तयार करायला तेव्हा वर्षे लागत, त्यामुळे त्यात गैर असे काही मला दिसत नाही. पण अशा माणसाच्या पेपरांची संख्या पाहून त्याने प्रत्येक प्रश्न स्वतः विचारला असे समजणे चुकीचे, आणि उंदीरच तर दिले असे म्हणणे त्याहून चुकीचे.

उल्लेख शून्यावर येऊनही विचार जिवंत राहतो, याचे सर्वांत कडू उदाहरण टी-पेशींच्याच इतिहासात आहे. रिचर्ड गर्शन यांनी १९७० साली असे दाखवले की काही टी-पेशी प्रतिकार वाढवण्याऐवजी दाबतात. दहा वर्षे 'सप्रेसर' टी-पेशींवर पेपरांचा पाऊस पडला. त्यांची साखळी, त्यांचे विद्राव्य घटक, त्यांच्यावरील आय-जे नावाची खूण, सगळ्याचे तपशील भरत गेले. १९८३ साली त्या जनुकप्रदेशाचा रेणूपातळीवर शोध घेतला गेला, तेव्हा आय-जेचे जनुक जिथे असायला हवे होते तिथे ते नव्हतेच. क्षेत्र कोसळले. सप्रेसर हा शब्द अनुदानाच्या अर्जात लिहायला लोक बिचकू लागले. त्या दशकातील पेपरांच्या सायटेशन मात्र पुसल्या गेल्या नाहीत. ज्यांनी त्या कमावल्या त्यांच्या एकूण बेरजेत त्या आजही जमा आहेत.

शिमोन साकागुची यांनी त्या पडझडीतही धागा सोडला नाही. जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी उंदराचा थायमस (टी-पेशी जिथे घडतात ती छातीतील ग्रंथी) काढला तर पुढे त्याच्या अंडाशयाचा ऱ्हास होतो, हे निशिझुका आणि साकाकुरा यांचे १९६९चे निरीक्षण त्यांना छळत होते. थायमस नसल्याने प्रतिकार दुबळा व्हायला हवा. तो स्वतःच्या शरीरावर का उलटतो? १९९५ साली 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'मध्ये त्यांनी सीडी-२५ ही खूण बाळगणाऱ्या टी-पेशींचा छोटा गट दाखवला, जो काढून टाकला की उंदरांना स्वप्रतिकार आजार जडतात आणि परत दिला की ते टळतात. हा पेपर 'नेचर' किंवा 'सायन्स'मध्ये नव्हता, विषयाच्या जुन्या घरच्या नियतकालिकात होता. फॉक्सपी-३ या जनुकाशी त्या पेशींचे नाते २००३ साली जुळले आणि नियामक, म्हणजे प्रतिकार आवरणाऱ्या, टी-पेशी हा पुन्हा प्रतिष्ठित विषय झाला. २०२५चे नोबेल साकागुची यांच्यासोबत मेरी ब्रनको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले. हे दोघे २००१च्या सुमारास अमेरिकेतील एका जैवतंत्रज्ञान कंपनीत काम करत होते आणि स्कर्फी नावाच्या आजारी उंदरांत बिघडलेले हेच जनुक त्यांनी शोधून काढले होते. कंपनीत काम करणाऱ्या माणसाची प्रकाशनांची यादी आखूडच असते, कारण तिथे पेपर लिहिणे हे मुख्य काम नसते. ब्रनको यांची फाइल २०२४ साली माझ्यासारख्या कोणाकडे आली असती, तर तिच्यावर निवड समितीने किती मिनिटे घालवली असती याचा अंदाज मला आहे.

ब्रूस ग्लिक यांचा पेपर तर या सगळ्या मोजमापांच्या खालून निसटतो. १९५०च्या दशकात ओहायो राज्य विद्यापीठात शिकताना कोंबडीच्या शेपटीकडे असलेली फॅब्रिशियसची पिशवी कशासाठी असते, हा प्रश्न त्यांनी धरला. पिलांची पिशवी काढून पाहिली. काही विशेष घडले नाही, कोंबड्या वाढल्या. टिमथी चँग या सहाध्यायाला वर्गात प्रतिपिंड तयार होताना दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या, म्हणून त्याने ग्लिक यांच्याकडच्या घेतल्या आणि त्यांना साल्मोनेलाचे प्रतिजन टोचले. प्रात्यक्षिक फसले: पिशवी काढलेल्या काही कोंबड्या मेल्या आणि उरलेल्यांतील बहुतेकींच्या रक्तात प्रतिपिंडच सापडेनात. फसलेल्या प्रात्यक्षिकावर हळहळत बसण्याऐवजी दोघांनी त्याचा अर्थ लावला. 'सायन्स'ने तो पेपर नाकारला, म्हणून तो १९५६ साली 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापला गेला, जिथे कुक्कुटपालनाच्या अभ्यासकांशिवाय फारसे कोणी डोकावत नसे. १९६५ साली मॅक्स कूपर आणि सहकाऱ्यांनी थायमस आणि ही पिशवी या दोन स्वतंत्र व्यवस्था असल्याचे दाखवले, आणि पिशवीच्या इंग्रजी नावाच्या (बर्सा) आद्याक्षरावरून प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींना बी-पेशी हे नाव रुजले. आज रोज किती पेपरांत बी-पेशींचा उल्लेख होतो ते मोजणे अशक्य आहे, आणि त्यातील जवळजवळ कोणाच्याही संदर्भसूचीत ग्लिक नसतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या घटनेचे वर्णन करून ठेवले आहे: शोध इतका सर्वांचा होतो की त्याचा संदर्भ देणे बाळबोध वाटू लागते. एखाद्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातील लेखांना सरासरी मिळणारे उल्लेख, आधीच्या दोन वर्षांतील लेखांवर काढला जातो. ग्लिक यांच्या कोंबड्यांना कोणीतरी गंभीरपणे घ्यायलाच त्याच्या कितीतरी पट काळ जावा लागला.

उलट बाजूला जाक बेनव्हेनिस्त आहेत. १९७२ साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्लेटलेटना सक्रिय करणारा एक घटक ओळखला. ते काम टिकले आणि आजही आदराने उल्लेखले जाते. १९८८ साली 'नेचर'मध्ये त्यांच्या गटाने दावा केला की प्रतिपिंडाचे द्रावण एकही रेणू उरणार नाही इतके पातळ केले तरी ते बेसोफिल पेशींवर परिणाम करते. संपादक जॉन मॅडॉक्स, जादूगार जेम्स रँडी आणि वॉल्टर स्ट्युअर्ट त्यांच्या प्रयोगशाळेत गेले, नमुन्यांवरच्या खुणा झाकून प्रयोग करायला लावले आणि परिणाम नाहीसा झाला. या दुसऱ्या पेपरलाही भरपूर उल्लेख मिळाले, कारण तो चुकला कसा हे सांगण्यासाठीही त्याचे नाव घ्यावेच लागते. बेरजेच्या रकान्यात १९७२ची सायटेशन आणि १९८८ची सायटेशन यांत कसलाही भेद नसतो.

गंमत म्हणजे युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली 'सायन्स'मध्ये सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली तेव्हा बेरीज हा तिचा हेतूच नव्हता. एखाद्या पेपरवर नंतर कोणी टीका केली आहे का, तो कोणी खोडला आहे का, हे प्रामाणिक वाचकाला सापडावे, म्हणजे जुनी किंवा चुकीची माहिती डोळे झाकून पुढे ढकलली जाणार नाही, असे त्यांनी लिहिले होते. १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स छापील स्वरूपात आला तो मागच्या पेपरवरून पुढच्या पेपरकडे जाण्याची वाट म्हणून. ग्रंथालयातील माणूस या नात्याने मला ती वाट अजूनही अद्भुत वाटते. वाटेवर किती पावले उमटली ते मोजण्याचा धंदा नंतर फोफावला, आणि मूल्यमापनात नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरचा आधार घेऊ नये असे सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ साली काढावा लागला. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या संस्थांकडूनही मला एच-इंडेक्सची विचारणा होते, ही गोष्ट वेगळी.

म्हणून अलीकडे मी अहवालाला एक पान जास्तीचे जोडते. सर्वाधिक उल्लेखलेल्या पेपरांपैकी दोन-तीन निवडते, त्यांचा उल्लेख करणाऱ्या पेपरांतून थोडे नमुने काढते आणि तो उल्लेख नेमक्या कोणत्या वाक्यात आला आहे ते उतरवून ठेवते. पद्धत वापरली, पार्श्वभूमी सांगितली, निष्कर्षाला आधार घेतला, विरोध केला. इतके वर्गीकरण पुरते. हे काम कंटाळवाणे आहे आणि यंत्रावर सोपवण्याची सोय आता झाली आहे, पण वाक्ये स्वतः वाचल्याशिवाय माणसाच्या कामाचा पोत हाताला लागत नाही. टीएच-१ आणि टीएच-२च्या पेपरच्या बाबतीत असे केले तर २००५ नंतरच्या वाक्यांचा सूर बदललेला स्पष्ट ऐकू येतो. त्या वर्षी टीएच-१७ हा तिसरा गट पुढे आला, आणि 'मोसमन आणि कॉफमन यांनी दाखवल्याप्रमाणे' याच्या जागी 'एके काळी असे मानले जाई' अशा धर्तीची वाक्ये येऊ लागली. आकडा वाढतच होता. त्या वाढीत आदरही आहे, मतभेदही आहे.

याच पानासाठी शोधताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. एमटीटीची तयार पेटी आता विकत मिळते, आणि ती घेणारे लोक अनेकदा उत्पादकाच्या सूचनेनुसार चाचणी केली एवढेच लिहितात. मोसमन यांचे नाव तिथे येत नाही. म्हणजे त्यांच्या सर्वाधिक मोजलेल्या पेपरचीही मोजणी अपुरीच आहे. कोहलर आणि मिलस्टाइन यांच्या एकसंध (एकाच पेशीच्या वंशातून बनवलेल्या, मोनोक्लोनल) प्रतिपिंडांचे हे फार पूर्वीच झाले. १९७५चा त्यांचा पेपर प्रसिद्धच आहे, पण आज जगातील प्रयोगशाळांत रोज वापरली जाणारी अशी प्रतिपिंडे कंपनीच्या कॅटलॉग क्रमांकाने उल्लेखली जातात, आणि ज्या प्रयोगशाळेने एखादा विशिष्ट वाण तयार केला तिला त्या क्रमांकातून काही मिळत नाही. गेल्या दशकापासून काही नियतकालिके प्रत्येक प्रतिपिंडाला, पेशीवाणाला आणि उंदराच्या जातीला कायमचा ओळखक्रमांक द्यायला सांगतात, त्यामुळे कोणते प्रतिपिंड किती पेपरांत वापरले गेले हे निदान शोधता येऊ लागले आहे. पेपर न लिहिता आयुष्यभर चांगली प्रतिपिंडे बनवून इतरांना पुरवणाऱ्या एखाद्या तंत्रज्ञाची फाइल त्या आधारे तयार करता येईल. समितीच्या नमुना अर्जात मात्र त्यासाठीचा रकाना अजून आलेला नाही, म्हणून ती माहिती मी शेरा या सदराखाली लिहिते.